‘हॅव’ : एका साध्या इंग्रजी वाक्यरीतीचा विचार

इंग्रजीचा पहिला धडा गिरवणाऱ्या मुलास जी पाच-दहा वाक्ये आरंभी पाठ होतात, त्यांत ‘आय हॅव अ बुक’ हे वाक्य बहुधा असतेच. आधी कर्ता, मग क्रियापद, शेवटी कर्म अशी ही सरळ रांग आहे. शिक्षक फळ्यावर अर्थ लिहितात, ‘माझ्याजवळ पुस्तक आहे’. मुले तो उतरून घेतात आणि पुढचा धडा सुरू होतो. शिकवणाऱ्याला व शिकणाऱ्याला असे वाटते की हे वाक्य आता आपल्या हाती आले. वस्तुतः हाती आलेला असतो तो या वाक्यरीतीचा केवळ एक कोपरा. तिचा उरलेला विस्तार नजरेआड राहतो आणि पुढे पदवीपर्यंत शिकलेल्या माणसाच्या इंग्रजीतही त्याची उणीव जाणवत राहते. इतकेच असते तर तो इंग्रजीच्या शिक्षकांपुरता प्रश्न ठरला असता. परंतु हीच वाक्यरीत आता भाषांतराच्या वाटेने आपल्या मराठी गद्यातही शिरू लागली आहे. म्हणून साहित्याच्या अभ्यासकानेही तिची विचारपूस करणे अगत्याचे झाले आहे.

ग्रंथकाराची शैली, त्याच्या प्रतिमा, त्याचे जीवनविषयक तत्त्वज्ञान यांची चर्चा आपण हौसेने करतो. ज्या लहानशा वाक्यांवर हा सारा डोलारा उभा असतो त्यांच्याकडे मात्र समीक्षकाचे लक्ष क्वचितच जाते. इंग्रजी वाक्यांच्या रीतींचा पद्धतशीर विचार ए. एस. हॉर्नबी यांनी १९५४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात केला आणि क्रियापदांच्या २५ रीती लावून दाखविल्या. त्या वर्गीकरणाचा अध्यापनाला मोठाच उपयोग झाला. तथापि, वाक्याचा साचा कळला म्हणजे त्या साच्यातून रोजच्या व्यवहारात काय काय ओतले जाते हे कळतेच असे नाही. प्रस्तुत लेखात एकाच साच्याचा, आणि तोही नित्याच्या बोलण्यातला, विचार करावयाचा आहे.

१

इंग्रज माणसाच्या एका सामान्य दिवसाकडे पाहावे. सकाळी उठल्यावर तो ‘हॅव’ या क्रियापदाने स्नान करतो, त्याच क्रियापदाने न्याहारी करतो व चहा घेतो. त्याला दोन भाऊ आहेत, हे तो याच क्रियापदाने सांगतो. घराला चार खिडक्या आहेत, वर्षाचे बारा महिने आहेत, खिशात सुटे पैसे आहेत, डोके दुखते आहे, मनात एक शंका आहे, डोक्यावर कर्ज आहे, साडेनऊला कचेरीत सभा आहे, या सर्वांना त्याच्याजवळ एकच शब्द आहे. शेजारणीला मूल झाले, पाहुण्याला बसावयास सांगितले, मित्राशी दोन शब्द बोलले, तरी क्रियापद बदलत नाही. ‘जावे लागेल’ म्हणताना तो ‘हॅव टु’ म्हणतो आणि ‘गेलो आहे’ म्हणताना ‘हॅव गॉन’. एखाद्या गृहिणीने एकाच पातेल्यात दूध तापवावे, भात शिजवावा, आमटी करावी आणि तरीही कशाचा वास कशाला लागू नये, तसा हा प्रकार आहे.

या सर्व वाक्यांचे बाह्य रूप सकर्मक आहे. कर्ता पुढे, कर्म मागे. परंतु सकर्मक क्रियापदाची साधी कसोटी लावली की या रूपातील पोकळपणा उघड होतो. ‘रामने आंबा खाल्ला’ या अर्थाच्या इंग्रजी वाक्याचा कर्मणि प्रयोग सहज होतो. ‘मला घर आहे’ या अर्थाच्या वाक्याचा कर्मणि प्रयोग करून ‘घर माझ्याकडून असले जाते’ असे कोणताही इंग्रज म्हणणार नाही. भाऊ असणे ही कर्त्याने केलेली क्रिया नव्हे. कर्त्याच्या जागी बसलेला ‘आय’ तेथे काहीही करीत नसतो. तो फक्त तेथे असतो आणि भावाचे नाते त्याच्याशी जोडलेले असते.

याहूनही बोलके असे एक वाक्ययुग्म आहे. ‘आय हॅड माय हेअर कट’ म्हणजे ‘मी केस कापून घेतले’. ‘आय हॅड माय वॉच स्टोलन’ म्हणजे ‘माझे घड्याळ चोरीस गेले’. दोन्ही वाक्यांची घडण अगदी एक आहे. पहिल्यात कर्त्याने न्हाव्याकडून काम करवून घेतले. दुसऱ्यात चोराने कर्त्याचे नुकसान केले. एकाच साच्यात यजमानही बसतो आणि नाडला गेलेलाही बसतो. यावरून असे दिसते की ‘हॅव’च्या आधी बसणारा कर्ता हा पुष्कळदा नावाचाच कर्ता असतो. ज्याला काही मिळते, ज्याच्यावर काही गुदरते, ज्याच्याशी काही निगडित असते, असा तो मनुष्य असतो. मराठीत आपण त्याला ‘मला’ म्हणून चतुर्थीत बसवतो. इंग्रजीने त्याला प्रथमेच्या पाटावर बसविले आहे, एवढाच काय तो भेद.

फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ एमील बाँव्हनिस्त यांनी १९६० साली ‘असणे’ आणि ‘जवळ असणे’ या अर्थांच्या क्रियापदांवर लिहिलेल्या निबंधात हेच तत्त्व व्यापक पातळीवर मांडले. त्यांच्या मते ‘हॅव’सारखे क्रियापद म्हणजे उलटे केलेले ‘कोणाला असणे’ होय. इतिहासही याला पुष्टी देतो. प्राचीन लॅटिनमध्ये ‘मला पुस्तक आहे’ अशाच धर्तीची, चतुर्थी व ‘असणे’ यांची रचना रूढ होती. ‘धरणे’ या अर्थाचे क्रियापद पुढे तिची जागा घेऊ लागले. इंग्रजी ‘हॅव’चा मूळ अर्थही हातात धरणे, पकडणे असाच होता. गमतीची गोष्ट अशी की, लॅटिनमधील ‘हाबेरे’ आणि इंग्रजी ‘हॅव’ हे शब्द कानाला सख्ख्या भावांसारखे लागतात, पण ते एका कुळातले नाहीत. इंग्रजी ‘हॅव’चा खरा लॅटिन सगोत्र म्हणजे ‘कापेरे’, म्हणजे पकडणे. दोन निरनिराळ्या धातूंनी ‘धरण्या’पासून ‘असण्या’पर्यंतचा एकच प्रवास स्वतंत्रपणे केला.

हातात धरण्याचा हा मूळ अर्थ आज इंग्रजाच्या ध्यानीमनीही नसतो. क्रियापद इतके झिजले आहे की काही ठिकाणी त्याचा उच्चारही बदलला आहे. ‘मला दोन पुस्तके आहेत’ या अर्थाच्या वाक्यात तो ‘हॅव’ असा स्पष्ट उच्चार करतो. ‘मला जायला हवे’ या अर्थी तेच अक्षर तो ‘हॅफ्टु’ असे उच्चारतो. लिपी एक, कान दोन. भर म्हणून या झिजलेल्या शब्दाला टेकू देण्यासाठी बोलण्यात ‘गॉट’ हा दुसरा शब्द जोडावा लागला. ‘आय हॅव गॉट’ म्हणजे मूळ अर्थाने ‘मी मिळवले आहे’. पण व्यवहारात त्याचा अर्थ ‘मला आहे’ इतकाच उरला. जे शब्द अतिवापराने गुळगुळीत होतात त्यांना भाषा अशी ठिगळे लावीत असते.

२

आता मराठीकडे वळू. मराठीत ‘हॅव’ला एक शब्द नाही, ही गोष्ट पुष्कळदा उणीव म्हणून सांगितली जाते. ती उणीव आहे की संपत्ती आहे, हे उदाहरणांवरूनच ठरवावे. ‘मला दोन मुलगे आहेत’ आणि ‘माझ्याकडे दोन मुलगे आहेत’ ही दोन वाक्ये घ्यावीत. पहिल्या वाक्याचा वक्ता बाप आहे. दुसऱ्याचा वक्ता शिकवणी घेणारा शिक्षक असेल, खाणावळवाला असेल किंवा बहिणीची मुले सुटीत सांभाळणारा मामा असेल. ‘माझ्याजवळ शंभर रुपये आहेत’ म्हणजे या क्षणी खिशात आहेत. ‘तुझे माझ्याकडे शंभर रुपये आहेत’ म्हणजे मी तुझे देणे लागतो. ‘कडे’ या एका शब्दयोगी अव्ययाने मालक आणि ऋणको यांच्यात केलेली ही वाटणी लक्षात घेतली, म्हणजे ‘माझ्याकडे आहे’ हे ‘आय हॅव’चे सरसकट भाषांतर का होऊ शकत नाही ते कळून येते.

आणि मराठीचा खरा विस्तार याच्याही पुढे आहे. धैर्य ‘अंगी’ असते, पैसा ‘गाठीला’ असतो, लेकरे ‘पदरी’ असतात, सत्ता ‘हाती’ असते, कर्ज ‘डोक्यावर’ असते, वनवास ‘नशिबी’ असतो, कष्ट ‘वाट्याला’ येतात आणि हत्ती असलाच तर तो ‘दारी’ झुलतो. ताप ‘येतो’ किंवा ‘भरतो’, भूक ‘लागते’, शंका ‘येते’, गाणे ‘येते’, राग ‘येतो’. आपल्याला जे जे काही असते ते शरीराच्या, घराच्या वा दैवाच्या कोणत्या ठिकाणी असते, कोणत्या वाटेने आले आणि राहणार की जाणार, याची नोंद मराठी वाक्य जाता जाता करून ठेवते. शिवाय ‘खोलीला दोन खिडक्या आहेत’ आणि ‘आठवड्याला सात दिवस असतात’ यांत डोळ्यांपुढचे सत्य आणि सार्वत्रिक सत्य यांचाही भेद होतो. इंग्रजी क्रियापद हा भेद आपल्या रूपात दाखवीत नाही.

ही समृद्धी एकट्या मराठीची नव्हे. पाणिनीने ‘धनवान्’, ‘बुद्धिमान्’ अशा शब्दांतील मतुप् प्रत्ययाचा अर्थ सांगताना ‘ते त्याचे आहे’ आणि ‘ते त्याच्यात आहे’ असे दोन्ही संबंध वेगळे उल्लेखिले आहेत. मराठी बोलणारी कुटुंबे पिढ्यान् पिढ्या ज्या भाषांच्या शेजारी नांदत आली त्यांचीही हीच रीत आहे. इंदूर-ग्वाल्हेरकडील हिंदीत ‘मेरे दो भाई हैं’, पण ‘मेरे पास पैसे हैं’. बडोद्याच्या गुजरातीत ‘मारे बे भाई छे’, पण ‘मारी पासे पैसा छे’. बेळगावच्या कानडीत भावासाठी ‘ननगे’ आणि पैशासाठी ‘नन्न हत्तिर’. हैदराबादच्या तेलुगूत अनुक्रमे ‘नाकु’ आणि ‘ना दग्गर’. गोव्याच्या कोकणीत ‘म्हाका दोन भाव आसात’, पण ‘म्हजेकडेन पयशे आसात’. आर्य कुळातल्या आणि द्राविड कुळातल्या भाषा येथे एका पंक्तीला बसल्या आहेत. गोव्यात १९६१ पर्यंत राज्यकारभाराची भाषा असलेली पोर्तुगीज मात्र इंग्रजीच्या पंक्तीला आहे. तीत भाऊ, पैसा, ताप, भूक आणि ‘जावे लागणे’ या सर्वांना ‘धरणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूपासून आलेले ‘तेर’ हे एकच क्रियापद चालते. म्हणजे यांपैकी कोणत्याही गावातील मराठी विद्यार्थी इंग्रजीच्या वर्गात येतो तेव्हा घरची आणि शेजारची अशा दोन्ही भाषांचा एकच संस्कार घेऊन येतो. ‘हॅव’ त्याला परका वाटतो याचे नवल वाटू नये.

३

येथवर आल्यावर एक मोह हमखास होतो. इंग्रजाला सगळेच ‘हॅव’ करावयाचे असते म्हणून त्याने जग ‘हॅव’ केले. आम्हांस सर्व काही केवळ ‘येते’ आणि ‘असते’, म्हणून आम्ही निरिच्छ आणि अध्यात्मप्रवण, असा सिद्धांत मांडण्याचा हा मोह होय. व्यासपीठावर असा सिद्धांत टाळ्या घेतो. पाश्चात्त्य विचारवंतही याला बळी पडले आहेत. एरिख फ्रॉम यांनी १९७६ साली प्रसिद्ध केलेल्या ‘टु हॅव ऑर टु बी’ या ग्रंथात आधुनिक मनुष्य ‘मला झोप येत नाही’ असे न म्हणता ‘मला निद्रानाश आहे’ असे ‘हॅव’च्या साच्यात म्हणू लागला आहे, अशी तक्रार केली आहे. अनुभव हा जणू वस्तू झाला आणि मनुष्य तिचा मालक, हे त्यांचे निरीक्षण मार्मिक आहे. परंतु त्यापुढे जाऊन ‘हॅव’च्या अर्थाच्या शब्दाची वाढ खाजगी मालमत्तेच्या वाढीशी जोडण्याचा जो कल त्यांनी दर्शविला आहे, तो मान्य करणे कठीण आहे.

याचे उत्तर देण्यास मराठी माणूस विशेष अधिकारी आहे. आमच्या भाषेत ‘हॅव’ नव्हते. पण वतन होते, इनाम होते, मिरास होती. मिराशी जमीन वंशपरंपरेने चालत असे व तिची खरेदीविक्रीही होई. पाटीलकी-कुलकर्णाच्या हक्कांसाठी भाऊबंद पिढ्यान् पिढ्या भांडत, गोतसभा बसे, महजर होत. मालकीची इतकी तीव्र जाणीव आणि तिच्यासाठी इतका कागद ज्या समाजाने खर्ची घातला, त्याच्या भाषेला ‘वतन अमक्याचे’ एवढ्या षष्ठीवर भागविता आले. रशियन भाषेतही मालकी सांगण्याची नेहमीची रीत ‘माझ्यापाशी आहे’ अशीच आहे आणि तीच भाषा बोलणारे जमीनदार १८६१ पर्यंत जमिनीबरोबर माणसांचेही धनी होते. व्याकरणाने त्यांना निरिच्छ केले नाही.

उलट बाजूने पाहावे. इंग्रज विवाहित स्त्रीला ‘आय हॅव अ हाउस’ हे वाक्य व्याकरण नेहमीच बोलू देत होते. कायदा मात्र बोलू देत नव्हता. लग्नानंतर तिची मिळकत बहुतांशी नवऱ्याच्या ताब्यात जाई. १८७० च्या आणि विशेषतः १८८२ च्या कायद्याने इंग्लंडात तिला स्वतःच्या नावाने मालमत्ता बाळगण्याचा हक्क मिळाला. १९२८ साली केंब्रिजच्या स्त्री-महाविद्यालयांत दिलेल्या व्याख्यानांतून व्हर्जिनिया वुल्फ यांनी जो ‘ए रूम ऑफ वन्स ओन’ हा निबंध १९२९ मध्ये सिद्ध केला, त्याचा सारा भर लेखन करू पाहणाऱ्या स्त्रीला पैसा आणि स्वतःची खोली असली पाहिजे, यावर आहे. जे क्रियापद रोज प्रत्येकीच्या तोंडी होते त्याचा खरा अर्थ पदरात पडण्यास एवढा लढा द्यावा लागला. तेव्हा वाक्यरीतीवरून समाजाचे शील ठरविण्याची घाई करू नये.

आमच्या बाजूचा आणखी एक पुरावा मौजेचा आहे. फारसीत ‘जवळ असणे, बाळगणे’ या अर्थाचे ‘दाश्तन’ हे स्वतंत्र क्रियापद आहे. शतकानुशतके फारसी ही दख्खनच्या दरबारांची भाषा होती. मराठीने त्या क्रियापदाचे ‘दार’ हे अंग तेवढे उचलले आणि जमीनदार, मिरासदार, दुकानदार, जबाबदार, वजनदार असे शब्द घडविले. कर्ज असणाऱ्यालाही तिने ‘कर्जदार’ करून त्याच मानाच्या रांगेत बसविले. परंतु ‘मी घर बाळगतो’ असे फारसी धर्तीचे वाक्य मराठीत रुजले नाही. शब्द घेतला, प्रत्यय पचविला, वाक्याची घडण स्वतःची ठेवली. घेणाऱ्या भाषेचे आरोग्य कशात असते, हे यावरून कळून येते.

४

या विवेचनाचा वर्गात काय उपयोग, असे विचारले जाईल. पहिला उपयोग हा की, ‘आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स’ या आपल्याकडील सुप्रसिद्ध चुकीचे कारण सापडते. शिक्षक ती लाल शाईने खोडतात आणि ‘हॅव’ला ‘इंग’ लागत नाही असा नियम सांगतात. दुसऱ्या दिवशी विद्यार्थ्याला ‘वुई आर हॅविंग टी’ हे निर्दोष वाक्य वाचनात भेटते आणि त्याचा नियमावरचा, क्वचित शिक्षकावरचाही, विश्वास उडतो. वास्तविक येथे मराठीच मदतीला येते. विद्यार्थ्याला इतकेच विचारावे : मराठीत हे वाक्य कोणत्या क्रियापदाने होते? ‘चहा घेत आहोत’, ‘जेवत आहोत’, ‘सोमवारी सभा घेत आहोत’, ‘त्रास होतो आहे’ असे करण्याचे, घेण्याचे वा होण्याचे क्रियापद निघाले तर इंग्रजीत ‘हॅविंग’ शोभून दिसते. ‘भाऊ आहेत’, ‘घर आहे’, ‘ताप आहे’ असे नुसते ‘आहे’ निघाले तर ‘हॅव’ तसेच ठेवावे. हा नियम सर्व जागी अचूक ठरेल असा दावा नाही. पण रोजच्या शंभर वाक्यांपैकी बहुसंख्य वाक्यांना तो पुरतो. शिवाय तो मुलाला त्याच्या स्वतःच्या भाषेचा मान राखून इंग्रजी शिकवितो.

दुसरा उपयोग भाषांतराच्या शिक्षणात आहे. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालांवर आपल्या कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या. भाषांतरपद्धती जुनी झाली म्हणून ती टाकून देण्याची लाट पुढे आली, आणि त्या लाटेत तिचा एक मोठा गुणही वाहून गेला. इंग्रजीतील एका रीतीचे मराठीत किती निरनिराळ्या रीतींनी रूपांतर होते, हे मुलाच्या ध्यानात आणून देण्याचे सामर्थ्य त्या पद्धतीत होते. फळ्यावर ‘हॅव’ची दहा वाक्ये लिहावीत आणि त्यांची मराठी रूपे ‘कडे’ व ‘जवळ’ हे शब्द एकाहून अधिक वेळा न वापरता करून मागावीत. ‘अंगी’, ‘पदरी’, ‘गाठीला’, ‘वाट्याला’ हे शब्द मुलांच्या तोंडून आपोआप बाहेर पडतील. आणि न पडले तर ते त्यांना कधी कानावर पडलेच नव्हते, हे तरी शिक्षकास कळेल.

५

ते कानावर पडेनासे झाले आहेत, हीच खरी चिंतेची गोष्ट आहे. भाषांतरित कथा-कादंबऱ्या, वृत्तपत्रे, जाहिराती आणि दूरचित्रवाणी यांच्या मराठीत ‘कडे’ने चालविलेले आक्रमण कोणासही दिसेल. ‘तिच्याकडे निळे डोळे होते’ असे वाक्य भाषांतरात आढळते तेव्हा ते डोळे कोणीतरी तिच्याकडे ठेवावयास दिले असावेत, असा भास होतो. ‘तिचे डोळे निळे होते’ हे चारच शब्द भाषांतरकारास सुचू नयेत? ‘त्याच्याकडे धैर्य होते’ या वाक्यात धैर्य हे कपाटातल्या वस्तूसारखे होते; ‘त्याच्या अंगी धैर्य होते’ म्हटले की ते रक्तामांसात भिनते. ‘माझ्याकडे एक प्रश्न आहे’ असे सभेत उठून म्हणणाऱ्यास ‘मला एक विचारायचे आहे’ हे वाक्य ठाऊक नसते असे नाही. पण त्याच्या मनात आधी इंग्रजी वाक्य उमटलेले असते. मार्टिन ल्यूथर किंग यांचे १९६३ सालचे वॉशिंग्टन येथील भाषण ‘आय हॅव अ ड्रीम’ या नावाने जगभर ओळखले जाते. त्याचे मराठी ‘माझे एक स्वप्न आहे’ असे होते तेव्हा त्यात निश्चय आणि आर्तता उतरते. ‘माझ्याकडे एक स्वप्न आहे’ असे केले तर ते विक्रीस काढल्यासारखे वाटते.

याचा अर्थ ‘कडे’ला गावकुसाबाहेर काढावे असा मुळीच नाही. ‘गाडी सुटायला माझ्याकडे अजून दोन तास आहेत’ या वाक्यात वेळ ही मोजून हाती आलेली, खर्च करता येणारी वस्तू आहे. तेथे ‘कडे’ अगदी जागच्या जागी आहे. ‘मला वेळ नाही’ या वाक्यात मात्र सवडीचा आणि मनाचा प्रश्न आहे. दोन्ही अर्थांना दोन वाक्ये असणे हे भाषेचे ऐश्वर्य. दुसऱ्या वाक्याच्या जागीही ‘माझ्याकडे वेळ नाही’ हेच एक वाक्य सरसकट येऊ लागले की नवे काही मिळत नाही आणि जुना भेद तेवढा नाहीसा होतो. नवी रीत स्वीकारावी की नाही याची कसोटी मग साधी आहे : तिच्या येण्याने पूर्वी सांगता न येणारे काही सांगता येऊ लागले काय? आले असेल तर ती पाहुणी नव्हे, घरचीच मानावी. आणि जिच्या येण्याने घरातली चार माणसे मुकाट झाली, तिला निदान ओसरीवर तरी थोपवावे.

येथे कोणी असे म्हणेल की, भाषा बदलतच असते आणि व्याकरणाच्या काठीने तिला अडविता येत नाही. ते खरे आहे. १८३६ साली दादोबा पांडुरंगांनी मराठीचे व्याकरण लिहिले आणि १९११ मध्ये मोरो केशव दामल्यांचे शास्त्रीय व्याकरण प्रसिद्ध झाले. या दोन ग्रंथांच्या मधल्या पाऊणशे वर्षांतही मराठी गद्य इंग्रजीच्या सहवासाने पुष्कळ पालटले, आणि त्यातून आपल्याला निबंध, कादंबरी, समीक्षा मिळाली. त्या पालटाबद्दल खंत करण्याचे कारण नाही. पण त्या काळच्या समर्थ लेखकांच्या कानात कीर्तनाची, बखरीची, घरातल्या वडीलधाऱ्यांच्या बोलण्याची मराठी भरलेली होती. इंग्रजी वाक्य आले तरी ते या कानातून गाळून येई. आज मराठी शाळेचा पट आक्रसत असताना, आणि महाराष्ट्राबाहेरील गावांत तर मुलाच्या वाट्याला मराठी केवळ घरापुरतीच उरलेली असताना, ती गाळणी कोठून यावयाची हा प्रश्न आहे. ती वर्गात, वाचनालयात, परिषदेच्या बैठकीत आणि घरच्या जेवणाच्या पानावर हेतुतः घडवावी लागेल.

इंग्रजी ‘हॅव’चा आपण द्वेष करू नये. ते क्रियापद स्वतःच्या घरी मोठे कर्तबगार आहे. धरण्याच्या एका साध्या अर्थापासून निघून त्याने नाते, आजार, जेवण, कर्तव्य आणि भूतकाळ एवढा प्रपंच एकट्याने ओढला आहे. त्याला नीट ओळखून घेतले तर आपले विद्यार्थी अधिक चांगले इंग्रजी लिहितील यात शंका नाही. पण ज्या कामांसाठी मराठीच्या दाराशी आठ-दहा शब्द हात जोडून उभे आहेत, त्या सर्वांना रजा देऊन एकट्या ‘कडे’ला राबविण्याचे काही कारण नाही. इंग्रजीचा शिक्षक आणि मराठीचा शिक्षक हे दोघे एकाच शाळेत शेजारच्या वर्गांत शिकवीत असतात. ‘आय हॅव’ या दोन शब्दांपुरते तरी त्या दोघांनी एकत्र बसून धडा तयार केला, तर दोन्ही भाषांची सेवा एकाच तासात घडेल.